कर्जाच्या स्मरणाची मुदत

सहकार खात्यात ज्यांची हयात गेली त्यांच्याकडून सोसायट्या, साखर कारखाने आणि संचालक मंडळांच्या निवडणुका यांच्याच कथा ऐकावयास मिळतील अशी लोकांची समजूत असते. परंतु माझ्या नोकरीचा जो भाग आजही माझ्या मनात अधिक जागा व्यापून आहे, तो सावकारी परवान्यांच्या दप्तराशी निगडित आहे. १९८० नंतरच्या दशकात सहकार अधिकारी म्हणून मी जळगाव जिल्ह्यात रुजू झालो आणि पुढे बदल्यांच्या ओघात अमळनेर, शिरपूर, साक्री, धुळे असा तापी आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतून फिरत राहिलो. इंग्रज सरकारने १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे करून एकाचे ठाणे जळगावी व दुसऱ्याचे धुळ्यास ठेवले. पण कापसाचा हंगाम, केळीची लागवड आणि लग्नसराईतली उसनवारी यांनी ही वाटणी कधी मानली नाही, आणि एका जिल्ह्यातले कूळ दुसऱ्या जिल्ह्यातल्या सावकाराच्या वहीत सापडणे हा आमच्या तपासणीतला नित्याचा प्रकार होता.

ही तपासणी कशी चाले, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९४६ च्या मुंबई सावकारी अधिनियमाने सावकारावर परवाना घेण्याचे, रोजकीर्द आणि खतावणी नियमाप्रमाणे ठेवण्याचे आणि प्रत्येक कुळाला त्याच्या खात्याचा उतारा देण्याचे बंधन घातले होते. आम्ही पेढीवर पोहोचत असू तेव्हा लाल कापडी बांधणीच्या, लक्ष्मीपूजनाचे कुंकू पहिल्या पानावर वाळलेल्या वह्या आधीच गादीवर काढून ठेवलेल्या असत. रोजकीर्दीतली रक्कम त्याच तारखेने खतावणीत उतरली आहे की नाही, मुद्दल आणि व्याज वेगवेगळे दाखविले आहे की नाही, कुळाला दिलेल्या पावतीची स्थळप्रत जागेवर आहे की नाही, याची रुजुवात घालण्यात दुपार उलटून जाई. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याच्या तारणावरील देवघेव मोठी असल्यामुळे तेथे वहीच्या जोडीला तिजोरीही पाहावी लागे. दागिन्याच्या प्रत्येक पुडीवरच्या चिठ्ठीचा क्रमांक आणि वजन नोंदीशी ताडून पाहताना, कोणत्या गावच्या कोणत्या घरात यंदा पाऊस कमी पडला, आणि कोणत्या घरात मुलीचे लग्न निघाले, हे न विचारता कळून येई.

या कायद्याची वंशावळ जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांची घरे गाठली आणि खते-रोखे हिसकावून जाळले. त्या दंग्याचे लोण नगर जिल्ह्यातही पसरले, त्याची चौकशी झाली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला. त्याचा अंमल आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता आणि खानदेश त्यात नव्हता. तथापि शेतकऱ्याने भरलेल्या पैशाची लेखी पावती, खात्याचा वार्षिक हिशेब आणि मागितल्यास पासबुक हे तीन अधिकार त्याने प्रथम शब्दबद्ध केले, आणि पुढच्या कायद्यांनी ते तत्त्व आपलेसे केले. लोकांचा क्रोध सावकाराच्या घरावर कमी आणि त्याच्या कागदावर अधिक का उतरला, याचे मर्म त्या काळच्या कायदेकारांना उमगले होते असे म्हणावयास हरकत नाही. १९४६ च्या अधिनियमात तर याच्याही पुढचे एक कलम होते, आणि नवीन आलेल्या कारकुनांना मी ते मुद्दाम वाचावयास लावीत असे: सावकाराने दिलेला उतारा कुळाने मुकाट्याने घेतला, त्यावर ना होकार दिला ना नकार, एवढ्यावरून त्या उताऱ्याचा खरेपणा त्याला मान्य आहे असे समजता येणार नाही. निरक्षर माणसाच्या मौनाला कायद्याने दिलेले एवढे संरक्षण मी अन्यत्र फारसे पाहिलेले नाही.

मात्र ही सारी व्यवस्था परवानाधारकाच्याच भोवती फिरत होती, आणि त्याच्या वहीत मोठा दोष क्वचितच निघे. कारण ज्याला कुळास नागवावयाचे असे तो परवान्याच्या वाटेला जातच नसे. तो कधी खते-बियाणे विकणारा दुकानदार असे, कधी बाजार समितीतला आडत्या, कधी गावातला चार माणसांत मान असलेला गृहस्थ. त्याचा सारा पसारा खिशातल्या लहानशा डायरीत मावलेला, व्याज दरमहा शेकडा तीन, पाच, अडलेल्या वेळी दहा, आणि तारण म्हणून गहाणखत नव्हे, तर सरळ खरेदीखत. पैसे फिटले की जमीन उलटून देऊ, हा शब्द तोंडी असे, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदविलेला दस्त मात्र पक्का असे. आम्हां खात्यातल्या माणसांना हे सारे माहीत होते. पण जुन्या कायद्याने आमच्या हाती दिलेली आयुधे अशा माणसापुढे तोकडी पडत.

२०१४ च्या आरंभी निघालेला अध्यादेश आणि त्याच वर्षीचा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम यांनी ही स्थिती पुष्कळ अंशी पालटली. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कलम १८ आले, ज्यायोगे सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन मूळ मालकास परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास मिळाला. सेवेच्या अखेरच्या काळात धुळे जिल्ह्यातल्या अशा एका प्रकरणाची चौकशी माझ्याकडे आली होती. कोरडवाहू जमिनीचे खरेदीखत बाजारभावाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने झालेले, आणि खरेदीदाराचे म्हणणे असे की व्यवहार राजीखुशीचा, रक्कम रोख दिलेली, सावकारीचा संबंधच नाही. पोलिसांच्या आणि पंचांच्या समक्ष झडती झाली तेव्हा कपाटातून निरनिराळ्या माणसांच्या सह्यांचे कोरे धनादेश आणि कोरे मुद्रांक निघाले. सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत खरेदीनंतरच्या प्रत्येक हंगामात विकणाऱ्याचीच वहिवाट दिसली. आणि ज्याने जमीन विकत घेतली म्हणतात त्याने त्या शेतात एकदाही पाय ठेवल्याचे गावातल्या कोणी सांगितले नाही. सुनावण्या लांबल्या, वकिलांनी तारखा मागितल्या, पण अखेर खरेदीखत अवैध ठरून जमीन परत देण्याचा हुकूम झाला, आणि नाशिकच्या विभागीय सहनिबंधकांपुढील अपिलातही तो टिकला.

२०१४ च्याच सप्टेंबरात शासनाने परवानाधारक सावकारांचे दर ठरवून दिले: शेतकऱ्यास तारणी कर्जावर सालिना शेकडा ९ आणि बिनतारणीवर १२, इतरांस अनुक्रमे १५ आणि १८. व्याजाची बेरीज मुद्दलाच्या पुढे जाऊ द्यावयाची नाही, हा दामदुपटीचा नियम तर स्मृतिकारांपासून चालत आलेला. १९४६ च्या कायद्याने तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यांना लागू केला आणि नव्या कायद्यानेही तो सोडला नाही. एकूण पाहता दीडशे वर्षांच्या या कायदेपरंपरेने दोन सीमा आखल्या असे दिसते: कर्ज किती वाढू द्यावयाचे ही एक, आणि कर्जाच्या निमित्ताने माणसाचे काय काय हिरावून घेता येणार नाही ही दुसरी. तिसरी एखादी सीमा लागेल, असे त्या वेळी माझ्या मनातही आले नव्हते. कारण ज्या शेतकऱ्यास जमीन परत मिळाली त्याचे सावकाराशी असलेले खाते त्या हुकुमासरशी संपले, आणि पुढच्या हंगामात तो सोसायटीच्या दारी गेला तेव्हा त्याला त्या जुन्या कर्जाविषयी कोणी अवाक्षर विचारले नाही.

सेवानिवृत्तीनंतर जळगावात ग्राहकांना मोफत सल्ला देणाऱ्या काही मंडळींबरोबर मी बसू लागलो, आणि तेथे एका निराळ्याच वहीची गाठ पडली. लोक हातात छापील कागद घेऊन येत, त्यावर ३०० ते ९०० यांमधला एक आकडा असे, आणि ‘सिबिल खराब झालं’ एवढे एकच वाक्य बोलून समोर बसत. सिबिल ही संस्था २००० साली मुंबईत स्थापन झाली. २००५ साली संसदेने पत माहिती कंपन्यांच्या नियमनाचा अधिनियम केला, २००६ च्या डिसेंबरात तो अमलात आला, आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने हे काम करतात. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने प्रत्येक बँक आणि वित्तसंस्थेस या चारही कंपन्यांचे सभासद होण्यास फर्माविले. त्यामुळे जळगावच्या दुकानदाराने मोटारसायकलीचा हप्ता एखाद्या महिन्यात चुकविला तर ती गोष्ट देशातल्या कोणत्याही शाखेत बसलेल्या अधिकाऱ्यास क्षणात दिसते. सावकाराच्या वहीत कूळ फक्त आपल्या सावकारापुढे उघडे होते. या वहीत ते सर्व सावकारांपुढे एकाच वेळी उघडे असते.

पारोळा तालुक्यातले एक शिक्षक असाच कागद घेऊन आले होते. त्यांनी स्वतःसाठी कधी मोठे कर्ज काढले नव्हते. सहकारी शिक्षकाच्या घरबांधणीसाठी एका नागरी बँकेत ते जामीनदार राहिले होते, आणि ते कर्ज उशिरा का होईना, पै-पैसह फिटले होते. पण त्या बँकेचे पुढे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झाले, जुन्या नोंदी नव्या यंत्रात उतरताना त्या खात्याची थकबाकी तशीच राहिली, आणि मुलीच्या शिक्षणासाठी गुरुजी कर्ज मागावयास गेले तेव्हा दुसऱ्याच्या, तेही फिटलेल्या, कर्जाने त्यांची वाट अडविली. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते हे खानदेशातला प्रत्येक पगारदार जाणतो, कारण पतसंस्थेच्या कर्जाला दोन पगारदार जामीनदार लागतात आणि शाळेच्या खोलीत त्यांची अदलाबदल चाललेली असते. परंतु जामिनकीबरोबर आपल्या नावाची एक नोंदही कोठेतरी जन्म घेते, आणि कर्ज संपल्यावर ती संपली की नाही हे स्वतः जाऊन पाहावे लागते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

माझ्या जुन्या खात्यातल्या अनुभवाशी मी या गोष्टीची तुलना केल्यावाचून राहू शकलो नाही. १८७९ आणि १९४६ च्या कायद्यांत उतारा देण्याचे कर्तव्य धनकोचे होते. नव्या व्यवस्थेत उतारा मागण्याचे कर्तव्य ऋणकोवर येऊन पडले. रिझर्व्ह बँकेलाही ही उणीव जाणवली असली पाहिजे, कारण गेल्या दशकातली तिची फर्माने एकामागून एक वाचली तर त्यांचा रोख याच दिशेने दिसतो. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने प्रत्येक माणसास वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा. २०२२ च्या सप्टेंबरापासून या कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे नेता येतात. २०२३ च्या ऑक्टोबरात निघालेल्या आदेशाने तर तक्रारीस मुदत बांधून दिली: दुरुस्ती तीस दिवसांत न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई; त्या तिसांपैकी एकवीस दिवसांत बँकेने आपले म्हणणे कंपनीस कळविले नाही तर भुर्दंड बँकेचा, तिने कळवूनही कंपनीने विलंब केला तर भुर्दंड कंपनीचा. शिवाय कोणी आपला अहवाल पाहिला, अथवा बँकेने थकबाकीची नोंद पाठविली, तर त्याची वर्दी मोबाइलवर किंवा ईमेलने आपणास मिळाली पाहिजे, असेही त्याच वेळी ठरले. पूर्वी महिन्यातून एकदा जाणारी माहिती २०२५ च्या जानेवारीपासून पंधरवड्याला जाऊ लागली, त्यामुळे फिटलेला हप्ता नोंदीत उतरण्यास होणारा विलंबही कमी झाला.

गुरुजींची तक्रार याच वाटेने गेली. पहिल्या वेळी बँकेने ‘जुने अभिलेख उपलब्ध नाहीत’ असे उत्तर पाठवून प्रकरण बंद केले. आम्ही मूळ बँकेचा बेबाकीचा दाखला शोधून काढला, जो सुदैवाने घराच्या माळ्यावरच्या ट्रंकेत शाबूत होता, आणि लोकपालाकडे अर्ज केला, तेव्हा नोंद दुरुस्त झाली. तथापि हा अर्ज करावयाचा संकेतस्थळावर, वाचावयाचा इंग्रजीत, आणि त्याची छाननी व्हावयाची चंडीगडला. धुळ्याच्या वा जळगावच्या निबंधक कचेरीत सावकाराविरुद्ध तक्रार घेऊन येणारा माणूस निदान समोरच्या अधिकाऱ्याचा चेहरा पाहू शकत असे, आपल्या बोलीत चार शब्द सांगू शकत असे, आणि त्याच्या सांगण्यातल्या विसंगतीतूनही कधी कधी खरे काय ते आम्हांस कळे. नव्या वाटेवर पत्र जाते आणि पत्र येते. ज्याला पत्र लिहिता येत नाही त्याच्यासाठी त्या वाटेचा उंबरठा फार उंच आहे. या संदर्भात २०२४ च्या ऑक्टोबरापासून लागू झालेला एक नियम मला विशेष मोलाचा वाटतो: किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदती कर्जांवर व्याज, शुल्क आणि अन्य आकार मिळून सालिना प्रत्यक्ष किती बोजा पडेल, हे एका तथ्यपत्रकात, ऋणकोस समजेल अशा भाषेत, करारापूर्वी लिहून द्यावयाचे आहे. कर्ज देताना जे मराठीत समजावून सांगता येते, ते कर्जाची नोंद दाखविताना मराठीत का दाखविता येऊ नये?

शेतकऱ्यांच्या बाबतीत गुंता अधिक आहे. अमळनेरकडच्या एका वयस्क आबांचे पीककर्ज राज्याच्या कर्जमुक्तीत माफ झाले होते. २०१७ सालच्या योजनेत दीड लाखापर्यंतची आणि २०१९ सालच्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्तीत दोन लाखांपर्यंतची थकबाकी शासनाने भरली हे सर्वश्रुत आहे. आबांच्या बँकेलाही रक्कम शासनाकडून पोहोचली होती, आधारच्या यंत्रावर त्यांनी अंगठा टेकल्याची पावती त्यांच्याकडे होती, आणि तरी अहवालात ते खाते तडजोडीने मिटविलेले दिसत होते, ज्याचा अर्थ ठिबकसंचासाठी कर्ज देणाऱ्या दुसऱ्या संस्थेने आपल्या परीने लावला. आबांनी मला अहिराणीत विचारले, “साहेब, सरकारनी माफ करं, मंग हाऊ कागद काबर इसरत नही?” त्या प्रश्नाला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि शासनाजवळही असलेले दिसत नाही, कारण पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असे राज्याचे मुख्यमंत्री बँकांना बजावतात, २०२५ च्या खरिपापूर्वीही त्यांनी तसे बजावले, पण नोंद जिवंत राहते आणि पीककर्जाच्या कक्षेबाहेरच्या प्रत्येक दारात ती आबांच्या आधी जाऊन उभी राहते.

साक्री आणि शिरपूरकडच्या बचत गटांतल्या बायकांची हकीकत पुन्हा वेगळी. सूक्ष्मवित्त कंपन्यांचे कर्ज त्यांच्या दारापर्यंत येते, गटातल्या एकीचा हप्ता चुकला तर इतर जणी तिच्या ओसरीवर जमतात, आणि चार कंपन्यांची कर्जे एकाच घरात साचलेली मी पाहिली आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या एप्रिलपासून नवी चौकट लागू केली: वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबास दिलेले बिनतारणी कर्ज ते सूक्ष्मवित्त, घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत, वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी सहानंतर कोणी फोन करावयाचा नाही. मात्र व्याजाच्या दरावरची जुनी मर्यादा त्याच चौकटीने उठविली आणि दर ठरविणे कंपन्यांच्या संचालक मंडळांकडे सोपविले. पुढच्याच महिन्यात, नेडुंपिल्ली फायनान्स विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. निर्णय केरळ आणि गुजरात यांच्या कायद्यांसंबंधी असला तरी त्याचे तत्त्व महाराष्ट्रासही तितकेच लागू पडते. माझ्या जुन्या कचेरीत आजही अशा बायका तक्रार घेऊन येतात, आणि माझ्या जागेवर बसलेला तरुण अधिकारी त्यांना सांगतो की, ताई, हे आमच्या अधिकारात येत नाही. त्याचे म्हणणे कायद्याला धरून आहे. पण शेकडा १८ चा दर परवानाधारक सावकारास बांधून घालणारे शासन त्याहून चढ्या दराच्या कर्जापुढे हात बांधून उभे राहते, हे त्या बायकांना समजावून सांगणे सोपे नसते.

हे सारे ऐकून घेऊन माझ्याशी कडाडून वाद घालणारे एक स्नेही आहेत. ते बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही सर्वजण त्यांना आप्पा म्हणतो. आप्पांचे म्हणणे असे की, मी वहीच्या जाचाकडे पाहतो आणि तिच्या उपकाराकडे डोळेझाक करतो. पूर्वी ज्याच्याजवळ जमीन नाही, सोने नाही, आणि दोन पगारदार जामीनदारही नाहीत, त्याला बँकेच्या पायरीवरूनच परतावे लागे. आज भाजीची गाडी लावणाऱ्या बाईने दोन वर्षे हप्ते वेळेवर भरले तर तो इतिहास हीच तिची मालमत्ता होते, आणि तिचे ते नाव जळगावहून पुण्याला गेली तरी तिच्याबरोबर जाते. बुडव्यांची नोंद ठेवली नाही तर त्यांच्या बुडीताचा भार प्रामाणिकांच्या व्याजावर पडतो, हेही ते सांगतात. त्यांच्या युक्तिवादात तथ्य आहे हे मी मान्य करतो. ज्या पतसंस्थांची कर्जे या अहवालांत बहुधा उतरतच नाहीत, त्यांच्याकडे वर्षानुवर्षे नेमाने हप्ते भरणाऱ्या माणसाला बँक अनोळखी समजते, हेही मी पाहिले आहे. आणि ज्याचा पूर्वेतिहासच नाही अशा नव्या ऋणकोचा अर्ज केवळ त्या कारणाने फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेला २०२५ साली सांगावे लागले, यावरून नोंद नसणे हेही एक दारिद्र्यच आहे हे सिद्ध होते.

तेव्हा माझी तक्रार नोंदीविरुद्ध नाही. ती नोंदीला मुदत नसण्याविरुद्ध आहे. पत माहिती कंपन्यांच्या नियमांप्रमाणे माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावयाची आहे. अमेरिकेच्या १९७० सालच्या पत अहवाल कायद्यातही सातचाच आकडा आहे, पण तो उलट बाजूने येतो: बहुतेक प्रतिकूल नोंदी सात वर्षांहून अधिक काळ अहवालात दाखविता येत नाहीत, आणि दिवाळखोरीस दहा वर्षांची मर्यादा आहे. एकाच संख्येने एका देशात स्मरणाचा पाया घातला आहे, दुसऱ्या देशात त्याचे छप्पर. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात माहिती पुसून घेण्याचा अधिकार आहे खरा. परंतु अन्य कायद्यानुसार जी माहिती जपणे आवश्यक आहे तिच्यापर्यंत तो पोहोचत नाही. आणि आपला मुदतीचा कायदा सामान्यतः तीन वर्षांनंतर धनकोला दावा लावू देत नाही, तरी ज्या कर्जावर दावा चालत नाही त्याच कर्जाची नोंद ऋणकोविरुद्ध साक्ष देत राहू शकते, ही विसंगती कोणा विधिज्ञाने उलगडून सांगितलेली मी ऐकलेली नाही.

वस्तूच्या बाबतीत आपण ही शिस्त स्वीकारलीच आहे. २०२३ च्या डिसेंबरापासून, कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत घरा-जमिनीची मूळ कागदपत्रे परत न करणाऱ्या बँकेस दर दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात. सोन्याच्या तारणाबाबत २०२५ च्या जूनमध्ये निघालेल्या निर्देशांनी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जास सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली आणि कर्ज फिटताच तारण परत करण्यातील दिरंगाईलाही दंड लावला. सराफ बाजारातल्या पुड्या मोजण्यात ज्याची वर्षे गेली त्याला या नियमाचे मोल सांगावयास नको. दस्तऐवज परत, दागिना परत, मग माणसाचे नावही त्याला परत करण्याची तजवीज कायद्यात का असू नये? माझ्या अल्पमतीप्रमाणे तिचे स्वरूप फार अवघड नाही: पूर्ण फिटलेल्या कर्जातील जुन्या थकबाकीची नोंद ठराविक वर्षांनी अहवालातून आपोआप गळावी, शासनाने भरलेल्या कर्जाची नोंद, बँकेस पैसे पोहोचले त्या दिवशी, फिटलेली म्हणून व्हावी, आणि जामीनदाराची नोंद मूळ कर्जाबरोबरच संपावी. हेतुपुरस्सर बुडविणाऱ्यांसाठी हवी तर वेगळी, दीर्घ मुदत ठेवावी. बँका म्हणतील की यामुळे जोखीम वाढेल. पण दामदुपटीच्या नियमाने देवघेव थांबली नाही, तिला शिस्त लागली, हा दाखला आपल्याच इतिहासात आहे.

असे कलम येईल तेव्हा येवो. तोवर माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढेच सांगतो की, वर्षाच्या आरंभी चारही कंपन्यांचे अहवाल मागवावे, ज्याला वाचता येत नाही त्याने गावातल्या शिकलेल्या मुलाकडून ते वाचून घ्यावे, कोणासही जामीन राहण्यापूर्वी ही नोंद आपल्याही नावे होणार आहे हे ध्यानात ठेवावे, आणि कर्ज फिटल्यावर मिळणारा बेबाकीचा दाखला सातबाऱ्याच्या उताऱ्याइतक्याच काळजीने जपावा. कारण वही चुकीची आहे हे सिद्ध करण्याचा भार आज ऋणकोवर आहे, आणि त्या कागदाखेरीज त्याच्या बाजूने बोलणारा दुसरा साक्षीदार नाही.